दगडावरची सेलानिर

दगड गुरुवारी दुपारी आला, भरती काठाशी लागत असताना. ट्रक चढ चढून अंगणात शिरला तेव्हा फ्लरांज सांसुसी व्हरांड्यात मटार सोलत बसली होती. तिचा शेजारी रोझेर कुंपणापलीकडे कापलेलं गवत उलटंपालटं करत होता. ते काम अर्ध्यावर सोडून, दाताळं खांद्यावर टाकून तो आधीच फाटकापाशी येऊन उभा राहिला होता. सेंताब्दों गावात कुणाच्या अंगणात ट्रक शिरला की शेजाऱ्याचं काम आपोआप थांबतं.

चार माणसांनी साखळदंड लावून दगड खाली उतरवला. बिदो ऊर्फ सांसुसी घराण्याचा पहिला पुरुष जिथे लाकडी खोपट बांधून राहिला होता असं सगळे मानत, त्या अंगणाच्या टोकाला, नदीकडे तोंड करून, आधीच घातलेल्या जोत्यावर त्यांनी तो उभा केला, ताडपत्रीने झाकला आणि ते निघून गेले. रविवारी घराण्याचा मेळावा भरायचा होता. क्युबेक शहरातून, माँत्रेआलहून, थेट मॅनिटोबापासून आणि सीमेपलीकडच्या कापडगिरण्यांच्या गावांतून माणसं येणार होती. त्यांच्यासाठी गावातल्या बायका दोन दिवसांपासून मांसाच्या सारणाच्या पोळ्या भाजत होत्या आणि शाळेतल्या खुर्च्या फ्लरांजच्या कोठारात येऊन पडल्या होत्या.

"उघड की," रोझेर म्हणाला. "जमीन तुझी, अंगण तुझं. बघायला कुणाची परवानगी हवी?"

"रविवारी पाद्रीबाबा उघडणार आहेत."

"पाद्रीबाबा सांसुसी नाहीत."

फ्लरांजने मटाराचं भांडं बाजूला ठेवलं. ती सहासष्ट वर्षांची होती. उठताना तिचा उजवा गुडघा हल्ली कुरकुरत असे आणि ती त्याच्याकडे लक्ष देत नसे. दोघांनी मिळून ताडपत्रीची दोरी सोडली.

राखाडी ग्रॅनाइट उन्हात लख्ख दिसू लागला. माथ्यावर कोरलं होतं, 'या भूमीवर'. त्याखाली प्रत्येक पिढीची एक ओळ होती: डावीकडे नवऱ्याचं नाव, उजवीकडे बायकोचं, तिच्या बापाच्या आडनावासकट, कारण इथल्या बाईचं आडनाव तिच्याबरोबर कबरीपर्यंत जातं, आणि दोन नावांच्या मधोमध एकमेकींत गुंफलेल्या दोन अंगठ्या. 

"वाच," रोझेर म्हणाला. "माझा चष्मा घरी राहिला."

फ्लरांज वाचू लागली. पहिली ओळ घराण्याच्या मूळपुरुषाची, एका शिपायाची होती. त्याचं खरं आडनाव बिदो. पलटणीतल्या सोबत्यांनी त्याला सांसुसी, म्हणजे बेफिकीर, असं नाव ठेवलं होतं. पुढे त्याची काही नातवंडं एक आडनाव घेऊन शहराकडे गेली, काही दुसरं घेऊन जमिनीवर राहिली. बिदो म्हणजे काळजी करायला शिकलेले सांसुसी, असं गावात म्हणत. ओळीमागून ओळ वाचत ती शेवटच्या ओळीपाशी आली, तिच्या बापाच्या ओळीपाशी, आणि थांबली.

"काय गं?"

"ओझियास सांसुसी," तिने वाचलं. मग जरा वेळाने, "सेलानिर सांसुसी."

रोझेरने दाताळं जमिनीत रोवलं. आधी त्याला समजलं नाही. मग समजलं तसा तो हसू लागला, आणि हसता हसता जोत्याच्या कडेवर बसला.

"सख्ख्या भावाशी लावून दिलं," तो डोळे पुशीत म्हणाला. "अरे देवा. जिवंतपणी मागणी घालायला आलेल्या दोघांना दारातून परत पाठवलं त्या बाईने, आणि मरून पंचवीस वर्षं झाल्यावर तुमच्या आन्सेल्मने तिचं उरकून टाकलं. तेही ग्रॅनाइटमध्ये. पाद्रीबाबांना कळलं तर दगडाकडून पापाची कबुली घेतील."

फ्लरांज हसली नाही. हसण्यासारखं होतं हे तिला दिसत होतं; पण तिचा हात त्या अक्षरांवर गेला होता आणि तिथून उठत नव्हता. अक्षरं खोल होती, कडा अजून खरखरीत होत्या. सेलानिर सांसुसी. हे नाव तिने आयुष्यात हजारदा ऐकलं होतं, हाका मारताना, रागावताना, प्रार्थनेत. कोरलेलं मात्र ती पहिल्यांदाच बघत होती. दफनभूमीत मातांत, म्हणजे आत्या, सेलानिर आपल्या बापाच्या क्रुसाखाली पुरलेली होती. त्या क्रुसाच्या पायाशी बापाचं नाव होतं, आईचं होतं आणि त्याखाली बारीक अक्षरांत एवढंच होतं: 'आणि त्यांची मुलगी'. ज्यांना माहीत होतं त्यांना माहीत होतं. आता तेही एकेक करून त्याच उतारावर निजायला गेले होते.

"ताडपत्री घाल," ती म्हणाली. "आणि दुकानात जाऊन बडबडू नकोस."

रोझेर दुकानात गेला आणि बडबडला.

*

शुक्रवारी दुपारी आन्सेल्म बिदोची मोटार अंगणात आली. आन्सेल्म फ्लरांजचा चुलतभाऊ, तोही दूरचा; क्युबेक शहरात नोटरी होता, निवृत्त झाला होता आणि निवृत्त झाल्यापासून घराण्याच्या इतिहासामागे लागला होता; दगडावरची नावं त्यानेच जमवली होती. त्याच्याबरोबर ग्रास्यें नावाचा पाथरवट होता, छिन्न्यांची पेटी घेऊन आलेला. गाडीतून उतरता उतरताच आन्सेल्मने टोपी काढली. त्याचं टक्कल घामाने चमकत होतं.

"कुणी बघितलं?" त्याने विचारलं.

"सगळ्या गावाने. काल संध्याकाळी रांग लागली होती. त्यांना काकवीच्या वड्या द्याव्या लागल्या."

"फ्लरांज, थट्टा करू नकोस. माझी दोन रात्री झोप गेली आहे."

"दगड काल आला. दुसरी रात्र कुठून आणलीस?"

तो व्हरांड्याच्या पायरीवर बसला. तिने त्याला देवदाराच्या कोंबांचं थंड पेय आणून दिलं. ते त्याने एका दमात संपवलं.

"मी काय समजायचं, तू सांग," तो म्हणाला. "तुमच्या घराचा चर्चमधला बाक, त्यावर पितळी पट्टी आहे, ओ. आणि से. सांसुसी. मागच्या शरदात मी गावात कुणालाही तुझ्याबद्दल विचारलं तर काय म्हणायचे? सेलानिरची फ्लरांज. एकानेही दुसरं नाव घेतलं नाही."

"घेणार कसं? या गावात तीन फ्लरांज सांसुसी होत्या. कुणाची ते सांगितल्याशिवाय पत्ता कसा लागणार? मी सेलानिरची, हा रोझेर फिलियासचा."

"पण तसं बापाच्या नावाने सांगतात."

"सांगतात. माझ्याबाबतीत तिच्या नावाने सांगतात. तेवढं तुला खटकायला हवं होतं."

"खटकलं नाही. वाटलं, बाप लवकर गेला म्हणून आईचं नाव लावलं असेल." आन्सेल्म रिकाम्या ग्लासात बघत होता. "दोघांचंही आडनाव सांसुसी, त्यात नवल काय? इथे सांसुसीने सांसुसीशी लग्न केलेलं दर दुसऱ्या घरात सापडतं. लग्नाची नोंद इथल्या चर्चमध्ये मिळाली नाही, तर म्हटलं, मुलगी दुसऱ्या गावची असेल, लग्न मुलीच्या गावी लागतं. सगळं जुळत होतं गं. इतकं नीट जुळलेलं दुसरं काहीच नव्हतं."

"माझ्या टेबलावर बसून दोनदा जेवलास. मला विचारायचंस."

"माहीत असलेली गोष्ट माणूस कशी विचारेल?"

ते तो इतक्या प्रामाणिकपणे म्हणाला की फ्लरांजला क्षणभर त्याची कीव आली. ग्रास्यें ताडपत्री उचलून दगडाजवळ वाकला होता. नावावर बोट फिरवून त्याने पाठीमागे, नोटरीला इथे म्हणतात तसं 'मेत्र' म्हणत, हाक दिली. "मेत्र, हे नाव काढायचं तर सबंध ओळ तासून खोल करावी लागेल. मग त्या खोलगटात दुसरं नाव. उद्या संध्याकाळपर्यंत होईल. नाव काय घालायचं?"

"आल्फोंसीन द्युबे," आन्सेल्म म्हणाला. "आज सकाळीच नोंद मिळाली. बरोबर आहे ना, फ्लरांज? तुझी आई?"

"बरोबर आहे."

"मग झालं तर."

"ते नाव कोरा," फ्लरांज म्हणाली. "पण सेलानिरला हात लावायचा नाही."

आन्सेल्मने तिच्याकडे बघितलं. मग समजूत घालायच्या स्वरात, वर्षानुवर्षं वाटणीवरून भांडणाऱ्या भावंडांशी बोलत आल्यासारखा, तो बोलू लागला. वंशाची ओळ म्हणजे लग्नांची ओळ, तो म्हणाला. एका लग्नातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं. असेच आपण त्या शिपायापर्यंत पोचतो. ज्याचं लग्न नाही त्याच्यातून पुढे कुणी निघत नाही. यात अपमान नाही; झाडाला जशी पानं असतात, ती गळतात. सेलानिरबद्दल त्याला आदर होता. दगडाच्या पाठीमागे एक लहानशी पट्टी लावता येईल, कृतज्ञतेची.

"पाठीमागे," फ्लरांज म्हणाली.

"तिथे सावली असते. छान दिसेल."

"तिच्यातून कुणी निघालं नाही म्हणतोस. मग मी कुठून निघाले?"

"ओझियास आणि आल्फोंसीनमधून."

ती उठली. तिने व्हरांड्यातली आपली खुर्ची उचलली, मटाराचं भांडं कडेवर घेतलं आणि अंगण ओलांडून ती दगडाशी गेली. खुर्ची तिने दगडाला पाठ लावून अशी ठेवली की शेवटची ओळ नेमकी तिच्या खांद्यांमागे आली. मग ती बसली आणि शेंगा सोलू लागली.

ग्रास्यें छिन्नी हातात घेऊन उभा राहिला. "मामझेल," तो अवघडून म्हणाला. लग्न न झालेल्या बाईला इथे ऐंशीव्या वर्षीही तसंच म्हणतात. "मामझेल, मला काम करायचं आहे."

"करा ना. वरच्या ओळींत धूळ बसली आहे, ती पुसा."

कुंपणापलीकडून रोझेरचं गवत उलटणं पुन्हा थांबलं होतं. "मेत्र," त्याने ओरडून सांगितलं, "वाट बघू नका. एकदा असाच सरकारी रस्ता यांच्या शेतातून जायचा होता. म्हातारी सेलानिर खुर्ची टाकून बसली होती. रस्ता बघितलात ना येताना? वळतो इथे."

त्या संध्याकाळी तिने आन्सेल्मला आणि ग्रास्येंला जेवू घातलं. पाहुण्याला उपाशी पाठवणं तिच्या घरात कधी घडलं नव्हतं आणि भांडण हे त्याला कारण होऊ शकत नव्हतं. धुरावलेली वाम, नवे बटाटे, काळसर पिठाची धिरडी आणि त्यावर काकवी. आन्सेल्मने तिसरं धिरडं घेताना म्हटलं, "उद्या सकाळी तू खुर्ची हलवशील." आणि ती म्हणाली, "वाम घे अजून, काटे काढलेत."

*

पहाटे ओहोटी होती. जाग आल्यावर फ्लरांज शाल घेऊन अंगणात गेली. नदी खूप दूर सरकली होती आणि मागे राहिलेला चिखल फिकट, रुपेरी, अंतहीन वाटत होता. त्यात काठ्या रोवून विणलेले कूड उभे होते. शरदात वाम त्यात अडकते. तिच्या लहानपणी या वेळेला त्या चिखलात एक आकृती चालताना दिसे, भावाचे गुडघ्यापर्यंतचे बूट घातलेली, खांद्यावर टोपली, एवढ्या मोठ्या आकाशाखाली एवढीशी. दोन वर्षांच्या फ्लरांजला खिडकीशी बांधून ठेवून ती जात असे, मऊ कापडाने, कंबरेभोवती. कारण घरात दुसरं कुणी नव्हतं. ओझियास हिवाळ्यात लाकूडतोडीच्या छावणीत गेला होता आणि झाडाखाली सापडून तिथेच राहिला. पुढच्या वर्षी आल्फोंसीन मातान गावच्या एका विधुराच्या घोडागाडीत बसून निघून गेली. त्याला पाच मुलं होती, सहावं नको होतं. ती बावीस वर्षांची होती. फ्लरांजने तिच्यावर रागावण्याचा प्रयत्न बराच काळ केला आणि मग सोडून दिला. दर नाताळला मातानहून लोकरीचे हातमोजे येत आणि ते दर वर्षी लहान पडत. आल्फोंसीनच्या आठवणीतला हात वाढत नव्हता, एवढंच.

तिने ताडपत्री बाजूला केली. गार दगडावर दव साचलं होतं. तिने त्या दोन अंगठ्यांवर बोट ठेवलं, आणि काल दिवसभर जे टाळलं होतं ते तिच्यासमोर येऊन उभं राहिलं: मातांत सेलानिरला हे चाललं नसतं. नाव पुसलेलं चाललं असतं. तिला त्याची सवय होती. पण कुणाची तरी बायको म्हणून दगडावर उभं राहणं तिने एक दिवस सोसलं नसतं. गावातला एक विधुर, भला माणूस, एका वसंतात येऊन म्हणाला होता की या जमिनीला पुरुषाचं नाव हवं. सेलानिर तेव्हा चुलीतली राख काढत होती. तिने मान वर केली नव्हती. "नाव आहे तिला," ती म्हणाली होती. "माझं आहे." तो पुन्हा आला नाही. लग्न केलं असतं तर तिचं आडनाव कागदावर तिचंच राहिलं असतं. पण जमीन आणि जमिनीवर वाढणारी पोर दुसऱ्याच्या नावाने ओळखली गेली असती, आणि आज या दगडाच्या माथ्यावरचे ते दोन शब्द कोरायला कुणाला कारणच उरलं नसतं. जी ओळ ते लग्नांची ओळ म्हणून मोजत होते, ती एका न झालेल्या लग्नाने तुटायची राहिली होती.

चूक तशीच ठेवणं म्हणजे सेलानिरला जपणं नव्हे, हे फ्लरांजला उमगलं, आणि त्याचबरोबर हेही की चूक दुरुस्त करायच्या निमित्ताने ते सेलानिरला नेतील. दोन्ही तिला मान्य नव्हतं. पाणी परतायला लागलं होतं; दूरवर कुडांच्या पायांशी एक चमक हलत होती.

*

आन्सेल्म आला तेव्हा ती खुर्चीत होती. आज मटार नव्हते. हात मांडीवर होते.

"मी पाद्रीबाबांशी बोलून आलो," तो म्हणाला. त्याने आज गळ्याला टाय बांधला होता. "तू हलणार नसशील तर दगड चर्चसमोर जाईल. ट्रक दुपारी मोकळा आहे. मला हे करायचं नाही, फ्लरांज. पण दीडशे माणसं येणार आहेत आणि भावाबहिणीचं लग्न लावलेला दगड मी त्यांना दाखवू शकत नाही."

"न्या."

तो थबकला. "काय?"

"न्या म्हटलं. पण माथ्यावर 'या भूमीवर' कोरलं आहेस. ते आधी काढ. चर्चसमोरच्या भूमीवर आपल्यातला कुणी जन्मला नाही, कुणी नांगर धरला नाही. ती भूमी ही आहे आणि ही तुझ्या ओळींतल्या शेवटच्या नवऱ्यानंतर चाळीस वर्षं एका बाईने सांभाळली, आणि तिच्यानंतर मी. तू वंश मोजतोस तो ज्या जमिनीवर उभा राहून, ती कुणी राखली ते सांगायचं नसेल तर जमिनीचं नावही घेऊ नकोस."

ग्रास्यें पेटीवर बसून बूट बघत होता. रोझेर आज कुंपणाच्या अलीकडे होता; दाताळं आणायलाही तो विसरला होता.

"मी म्हणत नाही तिने केलं नाही," आन्सेल्म हळूच म्हणाला. "पण ओळीत तिला जागा नाही. इकडे नवरा, तिकडे बायको. तिला तू कुठे घालशील?"

फ्लरांज उठली. खुर्ची तिने स्वतः उचलून बाजूला ठेवली, आणि आन्सेल्मच्या चेहऱ्यावर सुटकेची पहिली खूण उमटायच्या आत तिने शेवटच्या ओळीतल्या अंगठ्यांवर बोट टेकवलं.

"ग्रास्यें, हे काढता येईल?"

"अंगठ्या? तासाभराचं काम, मामझेल."

"मग हे काढा. तिचं लग्न झालं नव्हतं. ओझियासच्या नावाखाली जागा आहे, तिथे आल्फोंसीन द्युबे घाला, अंगठ्यांसकट. सेलानिर जिथे आहे तिथेच राहील."

"एका ओळीत तीन नावं," आन्सेल्म म्हणाला. "फ्लरांज, असं कुठेच नसतं. लोकांना वाटेल, त्या माणसाला दोन बायका होत्या."

"वाटू दे."

"मॅनिटोबाची माणसं विचारतील."

"मी इथेच असते. सांगेन त्यांना."

"आणि मग प्रत्येक शाखा येईल," त्याचा आवाज चढला. "प्रत्येकाकडे एखादी आत्या आहे, एखादा काका आहे, मठात गेलेली बहीण आहे. सगळ्यांना घालू दगडावर? मग दगड केवढा लागेल?"

"मोठा लागेल," रोझेर म्हणाला.

"तू गप्प बैस, बाबा."

"बसलोय की."

आन्सेल्मने टोपी काढली, पुन्हा घातली. तो वाईट माणूस नव्हता. सगळं आयुष्य त्याने लोकांच्या इच्छा ठरावीक रकान्यांत बसवण्यात घालवलं होतं, आणि आज एक इच्छा रकान्यात बसत नव्हती आणि उन्हात त्याच्यासमोर उभी होती, राखाडी शाल पांघरून, एका गुडघ्यावर भार देऊन. 

"मी कबूल केलं नाही तर?" त्याने विचारलं.

"तर ट्रक बोलव. मी रविवारी या रिकाम्या जोत्यावर खुर्ची टाकून बसेन. दीडशे माणसं चर्चकडे जाताना याच रस्त्याने जातील, वळणावरून. त्यांनी विचारलं, इथे काय होतं, तर तेही सांगेन."

वारा नदीकडून आला आणि ताडपत्री फडफडली. आन्सेल्म ग्रास्येंकडे वळला आणि त्याने हाताने खूण केली, माणूस दार उघडं ठेवताना करतो तशी.

छिन्नीचे घाव सुरू झाले. फ्लरांज उभी राहून बघत होती. अंगठ्या एकदम गेल्या नाहीत. आधी एक तुटली, मग दुसरी उघडी पडली, मग दोन्हींची पूड झाली आणि ती ग्रास्येंने फुंकून उडवली. ओझियास आणि सेलानिर यांच्यामध्ये एक ओबडधोबड फिकट खळगा उरला.

"घासून गुळगुळीत करतो," ग्रास्यें म्हणाला.

"नको. दिसू दे."

"आणि तू?" रोझेर तिच्या शेजारी येऊन उभा राहिला होता. त्याने खालच्या आवाजात विचारलं. "तुझं नाव? आता हात लागलाच आहे तर."

"माझं नाव त्यांच्यावर सोपवलं तर काय होतं ते बघितलंस ना?" ती म्हणाली. "माझं मी बघेन."

*

रविवारी ऊन होतं. पाद्रीबाबांनी पाणी शिंपडलं आणि त्या तिसऱ्या नावाकडे बघून काही विचारलं नाही. त्यांना दुकानातून सगळं कळलेलं होतं. कोठारातल्या खुर्च्या पुरल्या नाहीत, म्हणून माणसं गवतावर बसली. फ्लरांज पहिल्या रांगेत, आपल्या खुर्चीत, पाठ ताठ करून बसली होती.

आन्सेल्म माईकसमोर उभा राहिला. त्याने शिपायापासून सुरुवात केली. एकेक जोडी तो सावकाश वाचत होता आणि प्रत्येक नावानंतर गर्दीत कुठेतरी कुणीतरी मान डोलवत होतं. आवाज नदीवर जात होता आणि परत येत नव्हता. तो शेवटच्या ओळीपाशी आला.

"ओझियास सांसुसी," तो म्हणाला, "आणि आल्फोंसीन द्युबे."

मग त्याने कागद उलटला. पुढच्या पानावर देणगीदारांचे आभार होते. "आता मी," त्याने सुरुवात केली.

"एक राहिलं," फ्लरांज म्हणाली. ती ओरडली नाही. पण पहिल्या रांगेतून माईकपर्यंत आवाज पोचला आणि भोंग्यातून अंगणभर पसरला.

आन्सेल्मचा चेहरा लाल झाला. "आता मी सर्वप्रथम," तो पुन्हा म्हणाला.

"एक राहिलं, आन्सेल्म."

मागे कुणीतरी खाकरलं. गिरण्यांच्या गावातून आलेली एक तरुण बाई, कडेवर मूल घेतलेली, मान उंचावून दगडाकडे बघू लागली आणि तिने शेजारणीला विचारलं, "ते उजवीकडचं, अंगठ्या नसलेलं नाव कुणाचं?" शेजारणीला ठाऊक नव्हतं. प्रश्न रांगेतून मागे सरकत गेला. माणसं उठून बघू लागली. आन्सेल्म कागद हातात धरून उभा होता. फ्लरांजने त्याच्यावरची नजर काढली नाही. तिला घाई नव्हती. ऊन संध्याकाळपर्यंत होतं, आणि ती सकाळी नीट जेवून आली होती.

आन्सेल्मने कागद घडी करून खिशात ठेवला. तो दगडाकडे वळला. ते नाव कागदावर नव्हतं, ते त्याला तिथूनच वाचावं लागणार होतं.

"सेलानिर सांसुसी," त्याने वाचलं. मग थांबून, कुणी सांगितलं नसताना, तो म्हणाला, "ओझियासची बहीण. या जमिनीवर तीच राहिली."

फ्लरांजने मान हलवली.

"आता पुढचं वाच," ती म्हणाली.